सरफेस आरटीवर लिनक्स का टाकता आलं नाही: सिक्युअर बूटच्या एका ओळीचं प्रकरण

२६ ऑक्टोबर २०१२ ला विंडोज ८ बाजारात आलं. त्याच दिवशी मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या नावाने काढलेला टॅबलेट, सरफेस आरटी, तोही विक्रीला आला, अमेरिकेत ३२ जीबीचं मॉडेल ४९९ डॉलरला. आणि त्याच सीझनमध्ये इंटेल-एएमडीचे प्रोसेसर असलेले, विंडोज ८ टाकून दिलेले लॅपटॉप आपल्याकडच्या दुकानांतही यायला लागले. टॅबलेट असो की लॅपटॉप, दोन्हीत युईएफआय फर्मवेअर (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा, चिपमध्येच भरलेला प्रोग्राम), दोन्हीत सिक्युअर बूट नावाचं कुलूप, आणि दोन्हींसाठी नियम एकाच कागदात लिहिलेले.

त्या काळातला असा एक लॅपटॉप माझ्या मावशीकडे आहे, २०१३ मध्ये घेतलेला. आज त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम चालते, मावशी त्यावर वीजबिल भरते, भजनं ऐकते, नातवाशी व्हिडिओ कॉल करते. बॅटरी एकदा बदलली, रॅम वाढवली, जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी टाकली, बस. सरफेस आरटीसाठी मायक्रोसॉफ्टचे सिक्युरिटी अपडेट १० जानेवारी २०२३ ला बंद झाले, आणि विकत घेणाऱ्याला त्यावर दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकायचा सरळ, कंपनीने दिलेला रस्ता कधीच नव्हता. हार्डवेअर चांगलं होतं, मॅग्नेशियमची बॉडी, एनव्हिडियाचा टेग्रा ३ चिप (इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या, एआरएम प्रकारचा, जसा फोनमध्ये असतो), २ जीबी रॅम. कमी पडली ती फक्त परवानगी, आणि ती का नव्हती हेच मला इथे नीट मांडायचंय, कारण या प्रकरणात काय काय झालं ते आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे आणि यातला प्रश्न अजून संपलेला नाही.

आधी कुलूप म्हणजे काय ते. पॉवरचं बटण दाबलं की सगळ्यात आधी मदरबोर्डवरच्या चिपमधलं फर्मवेअर जागं होतं, ते बूटलोडर, म्हणजे सिस्टीम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, शोधतं, बूटलोडर कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, लोड करतो, आणि मग विंडोज किंवा लिनक्स जे असेल ते सुरू होतं. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून चालत आलेला जुना बायोस इथे काहीच विचारायचा नाही, डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर उचलायचा आणि त्यात जे असेल ते चालवायचा. याचा फायदा चांगल्या लोकांनी घेतला, आपण पेनड्राइव्ह लावून वाट्टेल ती सिस्टीम टाकत आलो ती त्यामुळेच, पण वाईट लोकांनीही घेतला. टीडीएल४ सारखे बूटकिट, म्हणजे मशीन सुरू होतानाच घुसणारे व्हायरस, २०१०-११ मध्ये पसरत होते, ते त्याच पहिल्या सेक्टरमध्ये जाऊन बसायचे, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच मशीन त्यांच्या ताब्यात, मग अँटीव्हायरस काय बघणार. तेव्हा धोका खरा होता, हे मी सुरुवातीलाच कबूल करतो. सिक्युअर बूट हे निव्वळ नाटक होतं असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

युईएफआयच्या २.३.१ या आवृत्तीत, २०११ मध्ये, सिक्युअर बूट आलं. कल्पना साधी आहे. फर्मवेअर बूटलोडर चालवायच्या आधी त्याच्यावरची डिजिटल सही तपासतं, सही ओळखीची असेल तर चालवतं, नाहीतर थांबतं. ओळखीच्या सह्या कुठल्या हे फर्मवेअरमधल्या यादीत असतं, तिला डीबी म्हणतात. बंदी घातलेल्यांची वेगळी यादी असते, डीबीएक्स. या याद्या बदलायचा अधिकार केईके नावाच्या किल्लीकडे, आणि त्या सगळ्यांच्या वरती एक प्लॅटफॉर्म की, ती बहुतेक वेळा लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीची. आपल्या घरी येणाऱ्या मशीनमध्ये केईके आणि डीबी या दोन्ही ठिकाणी मायक्रोसॉफ्टच्या किल्ल्या आधीच भरलेल्या असतात. त्या भरताना मालकाला कोणी विचारत नाही, आणि तसं विचारणं शक्यही नाही, मशीन कारखान्यात असतं तेव्हा मालक कोण हे ठरलेलंच नसतं.

तर मग खरा प्रश्न एवढाच राहतो की मशीन विकत घेतल्यावर ती यादी बदलायचा हक्क मालकाकडे येतो का. फ्लॅट घेतलेल्या माणसाला हे चटकन कळेल. पैसे पूर्ण भरले, ताबा मिळाला, सोसायटी रजिस्टर झाली, मेंटेनन्स आपण भरतोय, पण बिल्डरने कन्व्हेयन्स करूनच दिलं नाही, मग जमीन कागदावर अजून त्याचीच. दहा वर्षं काही जाणवत नाही. बिल्डिंग पाडून नवी बांधायची वेळ आली की जाणवतं. फर्मवेअरमधल्या किल्ल्यांचंही असंच, विंडोज चालू आहे तोवर कोणाला फरक पडत नाही, विंडोजचा सपोर्ट संपला किंवा मालकाला दुसरं काही चालवावंसं वाटलं की त्या दिवशी कळतं की जमीन कोणाची आहे.

आता घटनाक्रम. सप्टेंबर २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने अमेरिकेत अनाहाइमच्या कॉन्फरन्समध्ये विंडोज ८ दाखवलं, आणि विंडोज ८ चा लोगो चिकटवायचा असेल तर मशीन सिक्युअर बूट चालू ठेवूनच विकलं पाहिजे हे बाहेर आलं. त्यावेळी रेड हॅट या लिनक्स बनवणाऱ्या कंपनीत काम करणाऱ्या मॅथ्यू गॅरेट या इंजिनिअरने लगेच लिहिलं की बाबांनो, मशीनमध्ये फक्त मायक्रोसॉफ्टच्या आणि त्या कंपनीच्या किल्ल्या असतील आणि बंद करायची सोय नसेल तर त्यावर लिनक्सची साधी कॉपी बूटच होणार नाही. दोनच दिवसांत मायक्रोसॉफ्टचं उत्तर आलं. त्यात सांगितलं होतं की ग्राहकाच्या हातात नियंत्रण आहे, आम्ही कोणाला अडवत नाही, सिक्युअर बूट बंद करायची सोय द्यायची की नाही हे लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने ठरवायचं. कॉन्फरन्समध्ये वाटलेल्या सॅमसंगच्या टॅबलेटवर बंद करायचा पर्याय आहे, त्याचा फोटोही दिला होता.

इथे जरा थांबून बघा, कारण पुढचं सगळं यावरच आहे. कंपनीने ठरवायचं म्हणजे काय? कंपनीला त्या पर्यायातून एक पैसा मिळत नाही. उलट मेनूमध्ये एक ओळ वाढली की टेस्टिंग वाढतं, कस्टमर केअरला फोन वाढतात, आणि शंभरातल्या एखाद्याच माणसाला तो पर्याय लागतो. लोगो घ्यायची सक्ती कायद्याने नव्हती, पण विंडोजचे लॅपटॉप विकणारी मोठी कंपनी लोगोशिवाय राहील हे कोणी गंभीरपणे म्हणणार नाही. म्हणजे सोय काढून टाकायला कोणाचाही वाईट हेतू असायची गरज नव्हती, आळस पुरेसा होता.

ऑक्टोबर २०११ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन या मुक्त सॉफ्टवेअरसाठी झटणाऱ्या संस्थेने सह्यांची मोहीम काढली, आणि त्यांनी यात एक महत्त्वाचा भेद केला जो मला अजूनही बरोबर वाटतो. त्यांचं म्हणणं, मालकाला स्वतःच्या किल्ल्या घालता आल्या तर त्याला सिक्युअर बूट म्हणा, नाही घालता आल्या तर ते रिस्ट्रिक्टेड बूट आहे, म्हणजे बंदिस्त बूट. कुलूप तेच, फरक किल्ली कोणाकडे याचा. जगभरातून हजारो लोकांनी सह्या केल्या.

आणि मग डिसेंबर २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टचे विंडोज ८ चे हार्डवेअर सर्टिफिकेशनचे नियम, म्हणजे तो लोगो मिळवायच्या अटी, प्रसिद्ध झाले. लोकांचं लक्ष त्याकडे जानेवारीत गेलं. त्यात सिक्युअर बूटचा मोठा विभाग होता आणि त्यात इंटेल-एएमडीच्या मशीनसाठी दोन गोष्टी सक्तीच्या केल्या होत्या, एक म्हणजे मशीनसमोर प्रत्यक्ष बसलेल्या माणसाला कस्टम मोडमध्ये जाऊन किल्ल्या बदलता आल्या पाहिजेत, आणि दुसरी म्हणजे फर्मवेअरच्या सेटअपमधून (ज्याला आपण अजून बायोसच म्हणतो) सिक्युअर बूट बंद करता आलं पाहिजे. सप्टेंबरमध्ये कंपनीची मर्जी होती ती डिसेंबरमध्ये कंपनीवर बंधन झाली. हे आरडाओरडीमुळेच झालं असं मी शपथेवर सांगू शकत नाही, पण तारखा सलग ठेवून बघितल्या तर मला दुसरं कारण दिसत नाही.

पण त्याच विभागात, त्याच मुद्द्यात पुढे एआरएम प्रोसेसरच्या, म्हणजे सरफेस आरटीसारख्या, मशीनसाठी बरोब्बर उलटं लिहिलं होतं. एआरएमवर सिक्युअर बूट बंद करता येणं शक्य असताच कामा नये. कस्टम मोड द्यायचा नाही. म्हणजे एका प्रकारच्या प्रोसेसरवर जो हक्क द्यायची सक्ती, तोच हक्क दुसऱ्या प्रकारच्या प्रोसेसरवर द्यायला मनाई, आणि दोन्ही एकाच परिच्छेदात. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा परत परत वाचलं. सुरक्षेचं कारण असतं तर ते दोन्हीकडे सारखंच लागू झालं असतं ना, बूटकिटला प्रोसेसर इंटेलचा आहे की एआरएमचा याने तत्त्वतः काय फरक पडतो.

यावर मायक्रोसॉफ्टच्या बाजूने जे बोललं जायचं ते पण प्रामाणिकपणे मांडतो, कारण ते अगदीच फुसकं नव्हतं. आयपॅड पूर्ण बंदिस्तच होता. बरेच अँड्रॉइड फोन बूटलोडर लॉक करून यायचे. एआरएम टॅबलेटच्या बाजारात मायक्रोसॉफ्ट नवखं होतं, डेस्कटॉपसारखी मक्तेदारी तिथे नव्हती, मग सगळे लॉक करतात तर फक्त आम्हालाच का धरता? हा मुद्दा मक्तेदारीच्या कायद्यात वजनदार आहे. पण ज्या माणसाने ४९९ डॉलर मोजले त्याच्या दृष्टीने तो मुद्दाच नाही. शेजारच्या बिल्डरनेपण कन्व्हेयन्स दिलं नाही म्हणून माझ्या बिल्डरचं न देणं योग्य ठरत नाही. शिवाय हे कुलूप एकटं नव्हतं, विंडोज आरटीवर, म्हणजे एआरएमसाठीच्या विंडोज ८ वर, जुनी डेस्कटॉपची सॉफ्टवेअर चालायचीच नाहीत, मायक्रोसॉफ्टची स्वतःची सोडून, बाकी सगळं त्यांच्या स्टोअरमधूनच घ्यायचं, आणि मे २०१२ मध्ये मोझिलाने जाहीर तक्रार केली होती की या सिस्टीमवर फायरफॉक्ससारखा ब्राउझर बरोबरीने चालवताच येणार नाही. खाली कुलूप, वर एकच दुकान.

लॅपटॉपच्या बाजूला इकडे वेगळीच गडबड चालू होती. कागदावर हक्क मिळाला खरा, पण लिनक्सवाल्यांना माहीत होतं की सामान्य माणसाला आधी बायोसमध्ये जा, अमुक टॅब उघडा, तमुक डिसेबल करा असं सांगणं म्हणजे अर्ध्या लोकांना दारातूनच परत पाठवणं. मेनू प्रत्येक कंपनीचा वेगळा. कुठे एफ२, कुठे डिलीट, कुठे एस्केप दाबून मग एफ१०. गॅरेटने मे २०१२ च्या शेवटी फेडोराच्या, म्हणजे रेड हॅटच्या पाठिंब्यावरच्या लिनक्सच्या, वतीने पर्याय तपासून लिहिले. फेडोराची किल्ली सगळ्या कंपन्यांच्या मशीनमध्ये घालून घ्यायची? एकेका कंपनीशी बोलायचं, आणि जमलं तरी फेडोराला इतर लिनक्सच्या डोक्यावर बसवल्यासारखं होतं, ते त्यांनाच नको होतं. सगळ्या लिनक्सची मिळून एक किल्ली करायची? ती सांभाळायची जबाबदारी आणि खर्च कोणाला झेपणारा नव्हता. शेवटी मायक्रोसॉफ्टच्या साइनिंग सेवेतूनच सही घ्यायची ठरलं, एकदाच ९९ डॉलर, आणि ते पैसेसुद्धा मायक्रोसॉफ्टला नाही, ओळख पडताळणाऱ्या व्हेरिसाइनला. खूप लोक चिडले. मला तेव्हाही वाटलं होतं आणि आताही वाटतं की त्या परिस्थितीत दुसरा शहाणा मार्ग नव्हता, पण चिडणंही चूक नव्हतं, कारण स्वतंत्र सिस्टीमला सुरू व्हायला स्पर्धकाची सही लागते ही गोष्ट गिळायला जडच आहे.

यातून शिम आलं. शिम म्हणजे एक छोटासा प्रोग्राम, त्यावर मायक्रोसॉफ्टची सही, त्याच्या पोटात फेडोराची किंवा ज्याचं शिम आहे त्याची किल्ली. फर्मवेअर शिमवर विश्वास ठेवतं, शिम ग्रबची, म्हणजे लिनक्सच्या बूटलोडरची, सही स्वतःच्या किल्लीने तपासतं, ग्रब कर्नलची. त्यामुळे दर वेळी कर्नल बदलला की मायक्रोसॉफ्टकडे पळायला नको. आणि ऑगस्ट २०१२ मध्ये सुसे या दुसऱ्या लिनक्स कंपनीच्या लोकांनी यात जी भर घातली ती मला सगळ्यात जास्त आवडते, मशीन ओनर की, म्हणजे मशीनच्या मालकाची किल्ली. मालक स्वतःची किल्ली बनवतो, नोंदणी करायला सांगतो, पासवर्ड देतो, रीस्टार्ट केलं की निळा स्क्रीन येतो, तिथे समोर बसून तोच पासवर्ड टाकला की किल्ली शिमच्या यादीत जाते. लांबून कोणी व्हायरस हे करू शकत नाही कारण कीबोर्डसमोर माणूस लागतो. सुरक्षापण राहिली आणि मालकीपण. एनव्हिडियाचा ड्रायव्हर किंवा व्हर्च्युअलबॉक्स टाकताना हा निळा स्क्रीन येतो, बरेच जण घाईत कंटिन्यू बूट दाबून मोकळे होतात आणि मग ड्रायव्हर चालत नाही म्हणून डोकं धरून बसतात, त्यांच्यासाठी सांगतो, तिथे एनरोल करायचं असतं, घाई करू नका.

उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकलचा मार्ग काही महिने वेगळा होता. त्यांना भीती वाटली की ग्रब २ हा जीपीएल आवृत्ती ३ या मुक्त सॉफ्टवेअरच्या लायसन्सखाली आहे, आणि एखाद्या कंपनीने चुकून पूर्ण बंदिस्त मशीनवर उबुंटू टाकून विकलं तर लायसन्सच्या अटीमुळे आपली खाजगी किल्ली उघड करावी लागेल. म्हणून ते दुसरा बूटलोडर वापरणार होते. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने त्यांना समजावलं की तशी जबाबदारी मशीन विकणाऱ्याची, तुमची नाही, आणि सप्टेंबर २०१२ मध्ये ते ग्रब २ वर परत आले. लिनक्स फाउंडेशनसाठी जेम्स बॉटम्ली वेगळा छोटा लोडर सही करून घ्यायला गेले तर फाइल अपलोड करायलाच मायक्रोसॉफ्टचं सिल्व्हरलाइट लागत होतं, म्हणजे विंडोजशिवाय लिनक्सचा लोडर पाठवताच येईना, सही हातात यायला फेब्रुवारी २०१३ उजाडला. फेडोराची १८ वी आवृत्ती जानेवारी २०१३ मध्ये शिमसकट आली.

आणि कागदावरचा नियम आणि प्रत्यक्षातलं फर्मवेअर यात किती अंतर असतं त्याचा एक नमुना नोव्हेंबर २०१२ मध्ये गॅरेटनेच दाखवला. लेनोव्होच्या थिंकसेंटर एम९२पी या डेस्कटॉपचं फर्मवेअर बूटच्या नोंदीचं नाव वाचायचं, आणि नाव विंडोज बूट मॅनेजर किंवा रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स असेल तरच डिस्कवरून बूट व्हायचं. फेडोरा चालेना कारण नाव फेडोरा होतं. सिक्युअर बूटशी याचा संबंधच नाही, सही वगैरे काही तपासलं जात नव्हतं, फक्त नाव. कोणीतरी टेस्टिंगच्या यादीत दोनच सिस्टीम धरल्या आणि त्याच फर्मवेअरमध्ये उतरल्या. म्हणून मी म्हणतो की मालकाचा हक्क स्पष्ट शब्दांत, सक्ती म्हणून लिहिलेला नसेल तर तो कोणाच्याही दुर्लक्षात हरवतो.

मला स्वतःला याचा अनुभव आला तो ओळखीच्या एका मुलाच्या लॅपटॉपवर. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता, कॉलेजच्या लॅबमध्ये लिनक्स, म्हणून घरच्या मशीनवर डुअल बूट, म्हणजे विंडोज आणि लिनक्स दोन्ही, हवं होतं. कंपनीचं नाव घेत नाही. बायोसमध्ये गेलो तर सिक्युअर बूटची ओळ दिसते पण फिकट, हात लावू देत नाही. तासभर शोधल्यावर कळलं की आधी सुपरवायझर पासवर्ड सेट करायचा, मग ती ओळ उघडते, मग बदल करायचा, मग हवं तर पासवर्ड काढायचा. हे मॅन्युअलमध्ये कुठेच नव्हतं, सर्व्हिस सेंटरवाल्याने फोनवर सांगितलं की असं करता येत नाही. नियम पाळला गेला होता, पर्याय होता, पण त्या मुलाच्या वडिलांनी तोवर ठरवून टाकलं होतं की लिनक्स आपल्या लॅपटॉपला चालत नाही. आणि एक, कोणी करणार असाल तर विंडोजमध्ये बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय, चालू आहे का ते आधी बघा आणि रिकव्हरी की लिहून ठेवा, सिक्युअर बूट बंद केलं की बिटलॉकर ती ४८ आकडी की मागतो आणि नसेल तर डेटा गेला.

सरफेस आरटीकडे परत येतो. टॅबलेट चालला नाही. जुलै २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने दीडशे डॉलर किंमत उतरवली आणि पडून राहिलेल्या मालापोटी ९० कोटी डॉलरचा फटका हिशेबात दाखवला. विंडोज ८.१ पर्यंत अपडेट आले, आरटीला विंडोज १० कधी दिलंच नाही. ज्यांनी घेतला त्यांच्याकडे एक धडधाकट मशीन आणि म्हातारा होत चाललेला इंटरनेट एक्सप्लोरर ११ एवढंच उरलं, बँकेच्या वेबसाइट एकेक करून उघडेनाशा झाल्या. त्याच वर्षीचा, त्याहून जाड आणि दिसायला साधा लॅपटॉप मात्र विंडोज नको झालं की लिनक्सवर जाऊ शकत होता. दोन्हीच्या आयुष्यात एवढा फरक कशाने पडला म्हणाल तर प्रोसेसरच्या ताकदीचा थोडा वाटा आहे, टेग्रा ३ काही फार वेगवान नव्हता हे मान्य, पण २ जीबी रॅमवर हलकं लिनक्स, पीडीएफ वाचन, टायपिंग, मुलांचा अभ्यास हे आरामात होतं. होऊ दिलं नाही ते नियमातल्या त्या एका ओळीने.

शेवटी दार उघडलं ते चुकीने. ऑगस्ट २०१६ मध्ये दोन संशोधकांनी उघड केलं की मायक्रोसॉफ्टनेच सही केलेली एक सिक्युअर बूट पॉलिसी, जी डेव्हलपरांच्या टेस्टिंगसाठी होती, ती बाहेरच्या मशीनवर पोचली आहे, आणि ती लावली की सह्यांची तपासणी ढिली होते. बातम्यांमध्ये त्याला गोल्डन की म्हटलं गेलं, खरं तर ती किल्ली नव्हती, सही केलेली पॉलिसी फाइल होती, पण परिणाम तोच. जुलै आणि ऑगस्टमध्ये दोन पॅच काढले गेले. सरफेस आरटी धरून बसलेल्या हौशी लोकांनी त्याचा उपयोग करून मशीन उघडलं आणि पुढे काही जणांनी त्यावर लिनक्स चालवून दाखवलं. मला या गोष्टीचा आनंद होतो आणि वाईटही वाटतं. स्वतः पैसे देऊन घेतलेल्या वस्तूवर हक्क मिळवायला मालकाला सुरक्षेतल्या भोकाची वाट बघावी लागली, म्हणजे ज्या भोकातून मालक आत गेला त्यातूनच चोरही जाऊ शकत होता. मालकाला सरळ किल्ली दिली असती तर भोक बुजवणं दोघांच्याही हिताचं राहिलं असतं.

एआरएमवर असं करणं तांत्रिकदृष्ट्या गरजेचं होतं का? नंतरच्या मशीननी याचं उत्तर दिलं. ॲपलने २०२० मध्ये एम१ चे मॅक काढले, तेपण एआरएम, आणि त्यांच्या बूटची रचनाच अशी केली की मालक रिकव्हरीमध्ये जाऊन स्वतःचा पासवर्ड देऊन एका वेगळ्या सिस्टीमसाठी तपासणी शिथिल करू शकतो आणि शेजारच्या मॅकओएसची सुरक्षा तशीच राहते. या मॅकसाठी लिनक्स बनवणारे असाही लिनक्सवाले मार्च २०२२ मध्ये त्याच दारातून आत आले, कुठलंही कुलूप न फोडता. लेनोव्होचा थिंकपॅड एक्स१३एस, विंडोजचा एआरएम लॅपटॉप, त्यावरही लिनक्स चालतं. तेव्हा २०११ ची मनाई हा धंद्याचा निर्णय होता, एवढं आता ठामपणे म्हणता येतं.

इंटेल-एएमडीवालेपण कायमचे सुटले असं नाही. मार्च २०१५ मध्ये विंडोज १० च्या वेळी सिक्युअर बूट बंद करायचा पर्याय द्यायची सक्ती काढून तो पुन्हा कंपनीच्या मर्जीवर सोडला गेला, म्हणजे आपण सप्टेंबर २०११ च्या जागी परत आलो. बहुतेक कंपन्या अजून देतात, सवयीने म्हणा. २०२२ मध्ये लेनोव्होच्या झेड१३ वर गॅरेटला असं दिसलं की ज्या किल्लीने शिमची सही होते ती मायक्रोसॉफ्टची थर्ड पार्टी किल्लीच डीफॉल्ट बंद आहे, सेटअपमध्ये जाऊन चालू करावी लागते. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटने जुन्या शिमवर बंदी आणली आणि डुअल बूटवाल्या पुष्कळ लोकांचं लिनक्स सकाळी उठून बघतात तर सुरूच होईना. त्याच्या महिनाभर आधी निघालेलं पीकेफेल नावाचं प्रकरण तर कमालच, कित्येक कंपन्यांच्या शेकडो मॉडेलमध्ये प्लॅटफॉर्म की म्हणून फर्मवेअर बनवणाऱ्याची टेस्टिंगची किल्ली तशीच राहिली होती, नावातच विश्वास ठेवू नका असं लिहिलेली. आपल्यापासून जी किल्ली जपून ठेवायची म्हणतात ती तिकडे अशी सांभाळली जाते.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये राइट टू रिपेअरसाठी समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टल सुरू झालं, मोबाइल-टॅबलेट त्यात आहेत. तिथे भर आहे तो सर्व्हिस सेंटर, वॉरंटी, सुटे भाग यावर. चांगलंच आहे. पण स्क्रीन बदलून मिळाली आणि आतली सिस्टीम मेलेली असली तर त्या दुरुस्तीचं काय करायचं? सपोर्ट संपल्यावर बूटलोडर उघडून द्यायची जबाबदारी विकणाऱ्यावर टाकली पाहिजे, दुरुस्तीच्या हक्कात हे यायलाच हवं असं माझं स्पष्ट मत आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि नवे प्रोसेसर लागतात, शाळांमध्ये, छोट्या ऑफिसांमध्ये, झेरॉक्सच्या दुकानांत किती चालू मशीन यात अडकली असतील विचार करा. ती वाचू शकतात, कारण त्यांतल्या बहुतेकांच्या सेटअपमध्ये सिक्युअर बूट बंद करायची ती ओळ आहे.

नवीन लॅपटॉप घेणार असाल तर दुकानात मशीन चालू करून बायोसमध्ये जायला सांगा आणि सिक्युअर बूटची ओळ डोळ्यांनी बघा, डिसेबल होते का, किल्ल्या बदलायची सोय आहे का, थर्ड पार्टी सर्टिफिकेटचा पर्याय आहे का. दुकानदार कंटाळतो, तरी विचारा.

मावशीच्या लॅपटॉपचं एक काम माझ्याकडे आहे. २०११ मध्ये बनवलेली मायक्रोसॉफ्टची सर्टिफिकेट, ज्यांच्यावर शिमपासून सगळं उभं आहे, त्यांची मुदत जून २०२६ पासून संपायला लागते आणि पुढची शिम २०२३ च्या नव्या किल्लीने सही होऊन येणार. आधी सही झालेलं मुदत संपली म्हणून लगेच बंद पडत नाही, पण नवी किल्ली फर्मवेअरमध्ये नसेल तर नवी शिम चालणार नाही. तिच्या मशीनच्या कंपनीने बायोसचा शेवटचा अपडेट कधीच काढून झालाय. नवी किल्ली अपडेटमधून आत गेली तर उत्तमच. नाही गेली तर पुढच्या वेळी सांगलीला जाईन तेव्हा एफ२ दाबून सिक्युअर बूट डिसेबल करून येईन, पाच मिनिटांचं काम आहे, आणि तिच्या मशीनमध्ये ती ओळ आहे.